पालिकेची खाज

नगरपालिकेच्या तरण तलावावर जो माणूस व्यवस्थापक म्हणून बसायचा, त्याला पाण्यात उतरलेलं गावातल्या कोणी पाहिलं नव्हतं. काठावर प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीत तो, गळ्यात शिट्टी आणि पोटावर टॉवेल, हा देखावा सकाळी लागायचा तो संध्याकाळीच उठायचा. देह अवाढव्य. बसल्या जागी मधूनच असा काही सुस्कारा सोडायचा की पोरांनी त्याचं नाव देवमासा ठेवलं. ते मोठ्यांनी उचललं, मग पालिकेतल्या शिपायांनी, आणि शेवटी त्याच्या सासऱ्यांनीही. त्याची हरकत नव्हती. त्याने स्वतः निम्म्या गावाला नावं ठेवली होती, त्यामुळे एखादं आपल्याही वाट्याला आलं तर कुरकुर कशाला करायची.

मामाच्या वशिल्याने तो पंपचालक म्हणून चिकटला होता. पुढे व्यवस्थापक निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, तेव्हा व्यवस्थापकाचा कार्यभार त्याच्याकडे आला. मग जीवरक्षक नोकरी सोडून गेला, तीही जागा भरली नाही, तोही कार्यभार त्याच्याकडे. मग माळी. कागदावर आमचे हे एकटेच चार माणसं आहेत, असं त्याची बायको सांगायची, आणि चौघंही दुपारी झोपतात.

तरुणपणी तो उत्तम पोहायचा. लग्नानंतर पोट सुटलं आणि उघड्या अंगाने चारचौघांत जायची त्याला लाज वाटायला लागली, एवढंच त्यामागचं कारण होतं. ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायचा, पोलीस काय स्वतः चोरी करून बघतो?

असा हा आरामशीर माणूस ज्या भानगडीत सापडला, तिची सुरुवात नगरसेवकांना खाज सुटली तिथून झाली.

पालिकेच्या नव्या सभागृहाचं बांधकाम चाललं होतं. बांधणारी माणसं दूरदेशाहून आलेली. काहींकडे कागद कधी नव्हतेच, काहींकडे होते पण त्यांची मुदत केव्हाच उलटलेली. ठेकेदाराला ती परवडत होती आणि पालिकेला ठेकेदार परवडत होता, म्हणून कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. ती राहायची गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात. तिथे छप्पर होतं, नळ नव्हता. पिण्याचं पाणी कॅनमधून यायचं आणि अंघोळीचं येतच नव्हतं.

सभागृहासाठी गादीच्या नव्या खुर्च्या सभागृहाच्या आधीच येऊन पडल्या होत्या. त्या बांधकामावरच रचून ठेवल्या होत्या आणि दुपारच्या सुट्टीत गवंडी त्यांच्यावर अंग टाकायचे. त्यात वावगं काही नव्हतं. गावात त्यांना बस म्हणणारं दुसरं कोणी नव्हतंच. पण अर्थसंकल्पाची सभा आली तेव्हा, सभा जुन्या जागेत असली तरी निदान खुर्च्या तरी नव्या असाव्यात असं कोणाच्या तरी मनात आलं आणि त्या उचलून आणल्या गेल्या. सभा लांबली. नगरसेवक गाद्यांवर सैल होऊन बसले, काही नेहमीप्रमाणे झोपले. काही आठवडे गेले आणि पुढच्या सभेत सगळं सभागृह खाजवत होतं. बोटांच्या बेचक्यांत, काखेत, कमरेला, आणि जिथे सभेच्या शिष्टाचारात हात नेता येत नाही तिथेही. सत्ताधारी आणि विरोधक एकाच कामाला एवढ्या मनापासून लागलेले गावाने प्रथमच पाहिले.

पालिकेच्या आरोग्य अधिकारी म्हणजे डॉक्टरीणबाई. किडकिडीत, चष्मा केसांत खोचलेला आणि तोच सगळीकडे शोधणाऱ्या. त्यांनी नगराध्यक्षांची बोटं फाकवून पाहिली आणि खरूज आहे म्हणून सांगितलं. नगराध्यक्षांनी जरा सौम्य शब्द मागितला. वैद्यकीय शब्द याहून वाईट ऐकू येतो, असं बाई म्हणाल्या. मग खुर्च्यांचा माग काढत त्या कौलांच्या कारखान्यात जाऊन आल्या आणि परत आल्या त्या गंभीर होऊनच.

नगराध्यक्षांचं मूळ दुकान कुकरच्या सुट्या भागांचं. राजकारणातही त्यांचा हातखंडा कशावर तरी काहीतरी बसवून ते बंद करण्यात, म्हणून देवमाशाने त्यांना झाकण नाव ठेवलं होतं. एरवी माणूस वाईट नव्हता. एके दिवशी झाकणाने देवमाशाला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. तिथे डॉक्टरीणबाई आधीच बसल्या होत्या, आणि शिपायाला चहा ठेवून बाहेर जायला सांगितलं गेलं. तेव्हाच देवमाशाच्या लक्षात आलं की आता आपल्या दुपारच्या झोपेचं काही खरं नाही.

बाईंचं म्हणणं असं होतं. कारखान्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावायचं, दुसऱ्या दिवशी गरम पाण्याने अंघोळ, कपडे उकळलेले, आठवड्याने पुन्हा तेच, आणि त्यानंतरही रोजची अंघोळ. नाहीतर गावाला मलम फासत बसा, खाज परत येणारच. प्रश्न पाण्याचा होता. वरच्या सरकारचा ताजा हुकूम होता की कागद नसलेल्या माणसांना कोणत्याही पालिकेने निवारा, पाणी, कसलीच सोय द्यायची नाही. दिली तर अनुदान बंद आणि देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई.

झाकणाने खाजवणं थांबवून हात टेबलावर ठेवले. "वरचं सरकार हुकूम काढतं आणि मोकळं होतं," ते म्हणाले. "माणसं राहतात माझ्या गावात. नळ दिला तर मी कायदा मोडला. नाही दिला तर रोग पसरवला. पोलिसांना कळवलं तर ज्यांच्याकडून सभागृह बांधून घेतोय त्यांनाच धरून दिलं. चौथा रस्ता असेल तर सांगा, मी आत्ता निघतो."

चौथा रस्ता बाईंनी शोधून ठेवला होता. हुकुमात सोय देऊ नये असं म्हटलं होतं. व्यायामाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. गावात गरम पाण्याचे शॉवर फक्त तरण तलावावर होते, आणि तलावाच्या नियमानुसार पोहण्याआधी आणि पोहल्यावर शॉवर घेणं सक्तीचं होतं. तेव्हा सकाळी, इतरांची वेळ सुरू होण्याआधी, आरोग्य विभागाचा जलव्यायाम उपक्रम. बायकांसाठी दुपारी, पालिकेच्या दवाखान्यातल्या नर्सच्या देखरेखीखाली.

देवमाशाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. म्हणजे ते अंघोळीला येणार, असं त्याने सरळ विचारलं. झाकणाने घाईने हात वर केला. अंघोळ हा शब्द या खोलीत निघालेला नाही, आणि बाहेर तर निघणारच नाही. ते पोहायला येणार. आणि हे सगळं तोंडी.

आले. पहिल्या सकाळी फाटकाशी गप्प उभे राहिले, कोणी तरी हाकलेल याची वाट पाहत. देवमाशाने शिट्टी फुंकली तशी ते दोन पावलं मागे सरले. शेवटी त्याला हाताने आत या म्हणून खुणावावं लागलं. शॉवर सुरू झाले आणि आतून जो आवाज आला तो त्याने या इमारतीत कधी ऐकला नव्हता. कोणी गात नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं, नुसते आ, आ असे सुस्कारे. गरम पाणी अंगावर पडल्यावर माणूस सोडतो तसे. देवमाशाला ते ओळखीचे वाटले, कारण त्याचा स्वतःचा त्या कलेत हात होता.

अडचण दुसरीच निघाली. तलावात उतरायचं तर पोहण्याचा पोशाख पाहिजे, आणि निदान कमरेएवढ्या पाण्यात तरी उतरल्याशिवाय व्यायाम कसा म्हणायचा? देवमाशाची बायको घरी शिवणकाम करायची. त्याने तिच्यापाशी गाऱ्हाणं केलं, तिने कापड कुठाय म्हणून विचारलं. जुन्या सभागृहाचे पडदे माळ्यावर पडून होते, जाड, हिरवे, मखमली. बायकोने त्यांच्या चड्ड्या बेतल्या. कापड पाण्यात जड होईल, हे तिने शिवतानाच सांगितलं होतं. देवमासा म्हणाला, कमरेएवढ्या पाण्यात काय जड आणि काय हलकं. तर असे ते गवंडी हिरव्या मखमलीत उथळ पाण्यात रांगेने उभे राहिले. पालिकेचे कितीतरी ठराव त्या पडद्यांआड झाले होते, पण इतक्या लोकांच्या उपयोगी ते प्रथमच पडले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांच्यातला एक म्हातारासा गवंडी होता. टॉवेलची घडी अशी घालायचा की कडा कापून ठेवल्यासारख्या. देवमाशाने त्याला कर्नल करून टाकलं. कर्नलला भाषा मोडकीतोडकी येत होती. त्याने पहिल्याच आठवड्यात देवमाशाला मास्तर म्हणून हाक मारली. झालं. आयुष्यात त्याला अरे, अहो, ए आणि देवमासा यांपलीकडे कोणी हाक मारली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो खुर्चीतून उठला. तिसऱ्या दिवशी काठाने येरझारा घालत पाय कसे मारायचे ते हातांनी करून दाखवायला लागला. हळूहळू त्याचा आवाज चढला, हातात काठी आली. श्वास सोड, गुडघा वाकवू नको, बेडूक पाहिलायस का कधी? घरी जेवताना कर्नलच्या पायांची प्रगती ऐकून ऐकून बायको कंटाळली. पाण्यात मात्र तो स्वतः अजूनही उतरत नव्हता.

मोठ्या बाईंना हे सगळं पसंत नव्हतं. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय बरंच, पण रोज सकाळी पहिल्या येऊन पोहायच्या. देवमासा त्यांचाच विद्यार्थी. एकदा त्या वेळेआधी आल्या आणि त्यांनी हिरवी पलटण पाहिली.

"अरे, ही माणसं पोहत नाहीत," त्या म्हणाल्या. "उभी राहतात. आणि माझ्या वेळेला शॉवरला पाणी कोमट येतं."

देवमासा जलव्यायामाचं काहीतरी बोलायला लागला, पण त्यांनी त्याला वर्गात गप्प करायच्या तसंच गप्प केलं. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. पायऱ्यांना धरायला कठडा बसवा म्हणून त्या कित्येक वर्षं अर्ज करत होत्या. दरवर्षी कर भरत होत्या. त्यांच्या कठड्याला पालिकेकडे पैसे नव्हते आणि हे पाहुणे आल्याबरोबर पाणी तापवायला होते. माणूस म्हणून त्यांचं वाईट वाटतं, त्या म्हणाल्या, पण माझे गुडघेही माणसाचेच आहेत. देवमाशाने हे झाकणाच्या कानावर घातलं आणि त्याच आठवड्यात कठडा लागला, चकचकीत, दोन्ही बाजूंना. मोठ्या बाईंनी तो धरून पाहिला, हलवून पाहिला आणि त्यांचा संशय दुप्पट झाला. पालिका एवढ्या लवकर कठडा बसवते म्हणजे नक्की काहीतरी लपवते आहे. वरच्या कचेरीत त्यांचा एक माजी विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर होता. त्याच्याशी त्या बोलल्या.

एव्हाना नगरसेवकांची खाज गेली होती, आणि खाजेबरोबर कळवळाही ओसरला होता. उपक्रम आता आटोपता घ्यावा असं झाकणाला वाटायला लागलं. बाई म्हणाल्या, बंद केलात तर परत खाजवाल. तो ओढून ताणून चालू राहिला. तेवढ्यात वरच्या कचेरीतून तपासणीला साहेब येणार असल्याचा निरोप आला. झाकणाने देवमाशाला एकट्यालाच बोलावलं, दार स्वतः लावलं आणि त्याच्या निवृत्तीची चौकशी केली. मग म्हणाले की कोणी विचारलंच तर हे तू आपल्या मनाने केलंस असं सांग. पालिका सापडली तर अनुदान जाईल, गावाचे रस्ते, दिवे, शाळा, सगळ्यांचं नुकसान. तू सापडलास तर फार तर एक ताकीद. पुढचं मी बघतो.

देवमासा पडल्या चेहऱ्याने घरी आला. बायकोने शिलाई थांबवून काय झालं ते काढून घेतलं. त्याला वाटलं ती भडकेल. ती हसत सुटली. हसू आवरल्यावर म्हणाली, "तुम्ही आपल्या मनाने काही केलंत, यावर कोण विश्वास ठेवणार? लग्नसुद्धा मामांनी ढकललं म्हणून केलंत."

साहेब आले. तरुण, कोरे करकरीत, पँटची घडी धारदार. देवमाशाने मनात त्यांचं नाव इस्त्री ठेवलं. बरोबर झाकण होते, घाम पुसत, आणि मागे मोठ्या बाई, नव्या कठड्याला धरून. इस्त्रीने शांतपणे विचारलं की हा व्यायामवर्ग आहे ना, तर मग दाखवा.

देवमाशाची छाती इथे फुगली, आणि ते त्याला पुढे फार दिवस सलत राहिलं. रांगेत उथळ पाण्यात पाय मारून दाखवले असते तरी भागलं असतं. पण त्याला आपली शाळा मिरवायची होती. तो कर्नलला म्हणाला, "जा, साहेबांना उडी मारून दाखव." आणि काठीने खोल बाजू दाखवली.

कर्नलने मास्तरकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. रांगेतली बाकीची माणसं त्याच्याकडे पाहत होती. त्याने टॉवेलची घडी घालून बाकावर ठेवली आणि उडी मारली. क्षणभर त्याचे पाय बरोबर चालले. मग मखमलीने पाणी प्यायलं, चड्डी धोंड्यासारखी ओढायला लागली, त्याने तोंड उघडलं आणि तो खाली गेला. वर आले ते बुडबुडे.

देवमासा काय विचार करत होता ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. तो शर्ट, पँट, चपला, शिट्टी यांसकट आत पडला. तलावाचं पाणी काठावरून उसळून इस्त्रीच्या बुटांत गेलं. तळाशी जाऊन त्याने कर्नलच्या काखेत हात घातला, वर आणला, पलटणीने दोघांना ओढून काढलं. कर्नलचे ओठ निळे पडले होते. देवमाशाने त्याची मान मागे केली, नाक दाबून तोंडातून हवा फुंकली, पुन्हा फुंकली. बऱ्याच वेळाने कर्नलने पाणी ओकलं. श्वास यायला लागला, पण घरघरत, आणि डोळे उघडेनात.

झाकण त्याच्या कानाशी वाकले आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून घेऊ, जरा थांब, म्हणाले. त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. गावातला मोठा दवाखाना वरच्या सरकारचा होता, आणि तिथे कागद नसलेला माणूस दाखल झाला की पोलिसांना कळवायचा नियम होता. हे देवमाशालाही ठाऊक होतं. कर्नलच्या माणसांना तर पुरतं ठाऊक होतं. त्यांतला एकजण नको, नको म्हणत देवमाशाचा ओला शर्ट धरून ओढत होता. डॉक्टरीणबाई तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला पालिकेच्या दवाखान्यात होत्या. फाटकाबाहेर एकच गाडी उभी होती, इस्त्रीची सरकारी, पांढऱ्या अभ्र्यांची.

"साहेब, दार उघडा," देवमासा म्हणाला.

इस्त्रीने उघडलं. कसं उघडलं, का उघडलं, ते त्यालाच माहीत. कर्नलला मागच्या सीटवर घातलं, त्याचं डोकं कोणीतरी वर धरायला हवं होतं, आणि देवमासा मागे मावत नव्हता, तो पुढे चालकाशेजारी कोंबला गेला. म्हणून ते डोकं साहेबांनी मांडीवर घेतलं. वाटेत कर्नल पुन्हा ओकला. पँटची घडी तिथेच संपली.

दवाखान्याच्या खिडकीत विचारलं गेलं की हा कोण, कुठला, कोणाचा. इस्त्री भिंतीकडे पाहत राहिला. माझा विद्यार्थी आहे, असं देवमासा म्हणाला. पुढचं काही त्याला सांगता आलं नाही, कारण त्याला कर्नलचं खरं नावसुद्धा माहीत नव्हतं.

फुप्फुसात पाणी गेलं होतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या, तिथल्या डॉक्टरांशी बोलल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या की इथून हलवला तर जाईल, काही दिवस ठेवावंच लागेल. हलवला नाही तर काय होईल ते दोघांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी खाटेशी पोलीस बसला.

देवमासा रोज जायचा. पोलिसासाठी बिस्किटं न्यायचा, म्हणजे तो बाहेर जाऊन खायचा. कर्नल बरा होत होता. पोलीस त्याला नेणार होते त्याच्या आदल्या दिवशी देवमाशाने धीर करून म्हटलं की पाय अगदी बरोबर मारले होते, श्वास चुकला.

कर्नल उशीवरून उठून बसला. "मास्तर," तो म्हणाला, "आम्हाला अंघोळ पाहिजे होती. पोहायला कोणी मागितलं होतं?"

बायकोने दिलेला नवा शर्ट देवमाशाने उशाशी ठेवला आणि तो निघून आला. सकाळी पोलीस कर्नलला गाडीत घालून त्याच्या देशी परत धाडायला घेऊन गेले.

मग पालिकेची खास सभा भरली, नव्या सभागृहात, कारण तोवर ते उभं राहिलं होतं. विरोधकांना बुडालेला माणूस म्हणजे पर्वणी. तलावावर हे कोणाच्या हुकुमाने चाललं होतं, असा त्यांचा एकच धोशा. झाकण उठले. संबंधित कर्मचाऱ्याने उत्साहाच्या भरात काही गोष्टी केल्या असाव्यात, अशी त्यांनी सुरुवात केली आणि संबंधित कर्मचाऱ्याला पुढे बोलावलं.

देवमासा उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती, पण तोंड मुळातच सैल होतं. तो म्हणाला की हो, मी केलं, मला सांगितलं म्हणून केलं. "मी आपण होऊन काही केल्याचं गावात कोणी पाहिलं असेल तर त्याने हात वर करावा," असं त्याने विचारलं. प्रेक्षकांत हशा पिकला. हात एकाचाही वर झाला नाही. त्याच्या बायकोने तर दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

हशा विरल्यावर तो खाली बसला नाही. "त्यांना अंघोळ पाहिजे होती," तो म्हणाला. "आपल्याला तो शब्द बोलायची भीती वाटली म्हणून आपण त्यांना पोहायला लावलं. मी त्यात आणखी एकाला खोल पाण्यात पाठवलं. आता माझ्यावर काय करायचं ते करा. पण बाकीचे अजून कारखान्यातच आहेत, शॉवर बंद झालेत, आणि परवापासून ते पुन्हा खाजवतायत."

डॉक्टरीणबाईंनी उभं राहून, जलव्यायाम हा शब्द माझा, असं सांगितलं. मोठ्या बाई प्रेक्षकांतून उठल्या. त्यांना बोलायचा अधिकार नव्हता, पण सभागृहातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यांना अडवणार कोण. आपण तक्रार केली ती योग्यच होती, आजही करू, असं त्यांनी सांगितलं. तलावावर जीवरक्षक नाही हे मात्र आपल्या ध्यानातच आलं नव्हतं, इतकी वर्षं या देवमाशाच्या भरवशावर आपण खोल पाण्यात जात होतो, याचाच आपल्याला धक्का बसला आहे, असं म्हणून त्या बसल्या. त्या नेमक्या कोणत्या बाजूने बोलल्या ते कोणाला कळलं नाही.

झाकणाने समोरचे कागद बाजूला सारले. मग त्यांनी ठराव मांडला. त्यात अंघोळ हा शब्द होता. तलावाचे शॉवर सकाळी सगळ्यांना खुले, कोणी कोण आहे ते विचारायचं नाही. विरोधकांनी सरकारचा हुकूम वाचून दाखवला. तो आपल्याला तोंडपाठ आहे, असं झाकण म्हणाले. मतं समसमान पडली आणि अध्यक्षांचं निर्णायक मत त्यांनी स्वतःच्या ठरावाला दिलं. देताना त्यांचा चेहरा दात काढून घेणाऱ्या माणसासारखा झाला होता.

अनुदान गेलं. सभागृहात पंखे लागायचे राहिले ते राहिलेच. दोन रस्त्यांचं डांबरीकरण थांबलं आणि त्या रस्त्यांवरची माणसं पालिकेला शिव्या घालतात, त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पुढची निवडणूक झाकण हरले आणि कुकरच्या दुकानात जाऊन बसले. इस्त्रीच्या अहवालात तलाव असुरक्षित आहे, जीवरक्षक नेमावा, एवढंच होतं. गाडीतल्या प्रवासाचा त्यात उल्लेख नव्हता. डॉक्टरीणबाईंची बदली झाली आणि त्यांनी ती रद्द करून आणली. देवमाशाला ताकीद मिळाली आणि परत पंपचालक केलं गेलं. बाकीचे तीन कार्यभार गेल्याचा त्याला आनंदच झाला. व्यवस्थापक म्हणून कोणाचा तरी भाचा आला.

बदल एवढाच झाला की देवमासा आता पाण्यात उतरतो. एकदा सगळ्या गावासमोर कपड्यांसकट पडल्यावर लाजायला काही उरलंच नव्हतं. मोठ्या बाई त्याच्या शेजारून पोहत जातात आणि शॉवरचं पाणी कोमट असल्याची तक्रार करतात. ती खरीही असते.

कर्नलचं काय झालं ते नीट कळलं नाही. एक गवंडी म्हणाला की तो आपल्या गावी आहे आणि सुखात आहे. दुसरा म्हणाला की तो कधीच पुन्हा निघाला, दुसऱ्या कुठल्या तरी गावात फरशी बसवतोय. देवमासा कधी एकावर विश्वास ठेवतो, कधी दुसऱ्यावर. डॉक्टरीणबाई तलावाचं पाणी तपासायला येतात तेव्हा कधी कधी तो विषय पुन्हा निघतो. त्या म्हणतात, दवाखान्यात नेला नसता तर मेला असता. ते मला माहीत आहे, असं तो म्हणतो. मग त्या पाण्याची बाटली भरतात, आणि तो क्लोरीन टाकायला निघून जातो.